हारु शाळेत गेलाय

६ एप्रिल, शनिवार

न्हावी संघाची ही डायरी दर वर्षी येते. मी तिच्यात हवा कशी होती आणि गिऱ्हाईक किती झालं एवढंच लिहितो. काल टोकियोहून चिनात्सुचा फोन होता. म्हणाली, "बाबा, फोनवर तुम्ही हं-हं शिवाय काही बोलत नाही. मालिका पाहून झाली की काय वाटलं ते लिहून ठेवत जा. मला दाखवलं नाही तरी चालेल." म्हणून लिहितोय.

साडेपाचला पहिला भाग झाला. दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. मी होतो आणि शेजारचा टोफूवाला किजिमा होता. साएकोला स्वयंपाकघरात काम होतं.

चिनात्सु गेली आठ वर्षं 'फिरता खांब' ही चित्रकथा काढते, तिच्यावरून हे केलंय. उतारावर एक न्हाव्याचं दुकान, दाराबाहेर न्हाव्याची खूण म्हणून फिरणारा पट्ट्यापट्ट्यांचा खांब, नवरा-बायको, एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ हारु. दुकान आमचंच आहे. दाराची काच, डाव्या खुर्चीची फाटलेली कड, सगळं उचललंय. हारु म्हणजे शुहेइ. आमच्या शुहेइला जाऊन एकोणीस वर्षं झाली. सहावीत होता. शाळेच्या हिवाळी शर्यतीत धावता धावता पडला. हृदयात जन्मापासूनच काहीतरी होतं म्हणाले. कुणालाच माहीत नव्हतं.

पडद्यावरचा मुलगा दप्तर फेकून आत आला. डोक्यावरचा भोवरा उजवीकडे. बरोबर काढलाय. आवाज बाईचा आहे. किजिमा म्हणाला, "कार्टूनमधली पोरं बायकाच बोलतात." चिनात्सुला कार्टून म्हटलेलं खपत नाही.

भाग संपला तेव्हा किजिमा नाक शिंकरत होता. मला काही वाटलं नाही. चिनात्सुने पाठवलेली पुस्तकं कपाटावर तशीच आहेत. अक्षर फार बारीक असतं.

साएकोने आज भात जास्त टाकला होता. उरला.

२१ एप्रिल, रविवार

ओसाकाहून दोन मुली आल्या. बाहेरच्या खांबासमोर उभ्या राहून हळूहळू आत डोकावत होत्या. मी म्हटलं, या.

"काका, फोटो काढला तर चालेल?"

"खांबाचा काढा, खुर्चीचा काढा. माझा नको."

त्यातली आखूड केसांची जरा धीट होती. इकडेतिकडे बघत म्हणाली, "आणि हारु कुठाय काका?"

"शाळेत गेलाय."

"आज रविवार आहे!"

"मग बेसबॉलला गेला असेल. मला सांगून कोण जातं या घरात?"

दोघी टाळ्या पिटत हसायला लागल्या. "अगं, हे अगदी मालिकेतल्या बाबांसारखे बोलतात!" जाताना मिठाईचा डबा देऊन गेल्या. म्हणाल्या, हा हारुला द्या.

मी डबा आत नेऊन दिला. साएकोला म्हटलं, हारुसाठी आहे. तिने तो घेतला. संध्याकाळी पाहिलं तर शुहेइच्या फोटोपुढे ठेवला होता, वरचा कागद सोडवून.

४ मे, शनिवार

सुट्टीचा आठवडा. सकाळपासून माणसं. केस कापून घेणारे चारच, बाकी सगळे बघे. सगळे विचारतात. मी म्हणतो, शाळेत गेलाय. सुट्टी आहे म्हटलं की नदीवर गेलाय म्हणतो. एकाला म्हटलं, वर झोपलाय, हळू बोला. तो खरंच हळू बोलायला लागला.

किजिमाचा टोफू दुपारीच संपला. येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला.

"तुझ्या पोरीनं गावाचं भलं केलं, तोकुजी! आयुष्यात पहिल्यांदा मी दुपारी शटर ओढलं."

"मग उद्या जास्त कर."

"हस की मेल्या जरा. सगळ्यांच्या फोटोत मागे तू भुतासारखा दिसतोस."

बाजारपेठेच्या संघाने पुठ्ठ्याचा हारु करून आणलाय, खऱ्या मापाचा. हात वर करून उभा आहे. किजिमाने तो दाराबाहेर खांबाशेजारी उभा केला. दवाने पुठ्ठा फुगेल म्हणून अंधार पडायच्या आत मी तो दुकानात घेतला. त्याचं डोकं माझ्या छातीशी लागतं.

साएको दुकानात सहसा येत नाही. आज आली, त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. म्हणाली, "याला असा रस्त्यावर उभा करू नका. धूळ किती येते."

उद्यापासून दाराच्या आत, काचेमागे ठेवतो.

१ जून, शनिवार

आजच्या भागात बापच जास्त होता. गिऱ्हाइकांशी गप्पा काय, गाणी काय, हारुला खांद्यावर घेऊन दुकानभर फिरवतो काय. चिनात्सुने दुकान हुबेहूब काढलं, पण हा माणूस कुठून आणला कळत नाही. मी किजिमाला म्हटलं, "हा फारच बडबड्या आहे. मी कधी असा बोलतो का?"

किजिमा चहाच्या कपात बघत राहिला. आतून साएकोचा आवाज आला.

"बोलायचात."

म्हणजे ती तिकडून ऐकते. टीव्हीचा आवाज तिकडे जातो हे मला माहीत नव्हतं. किंचित वाढवला.

८ जून, शनिवार

सेंदाईहून एक विशीचा मुलगा आला. रात्रभर बसमध्ये बसून. म्हणाला, "हारुसारखे कापा."

मी म्हटलं, तुझ्या वयाला शोभणार नाही ते. तो म्हणाला, शोभायला नकोच आहे. मी कापड बांधलं आणि सुरू केलं. मागे आखूड, कानावर मोकळे, कपाळावर सरळ. मधे विचार करावा लागला नाही. हात आपसूक गेला. मानेशी आलो तेव्हा म्हणालो, "हलू नकोस, झालंच." मोठ्या गिऱ्हाइकाला मी असं कधी म्हणत नाही. तो हलतही नव्हता.

तो आरशात बघून खूश झाला. मलाही ठीक वाटलं कापलेलं. जमिनीवरचे केस संध्याकाळपर्यंत झाडायचे राहिले. एरवी राहत नाहीत.

२९ जून, शनिवार

शेवटचा भाग झाला. शरद ऋतू आहे, पानं पडतायत, हारु उतारावरून खाली धावत जातो, संपलं. मग पाटी आली की पुढची गोष्ट चित्रपटात.

धावताना तो दमलेला नव्हता. हसत होता.

गेले तीन महिने शनिवारी साडेपाचला मी हातातलं काम आटपून बसायचो. पुढच्या शनिवारी गिऱ्हाईक घेता येईल. बरं झालं.

६ जुलै, शनिवार

साडेपाचला टीव्ही लावला. सायकलच्या शर्यती होत्या. थोडा वेळ पाहिल्या.

१० जुलै, बुधवार

चिनात्सुचा फोन. आवाज बसलेला होता.

"बाबा, चित्रपटात हिवाळा आहे."

"बरं."

"बरं काय? ऐका ना. आठ वर्षं मी चित्रकथेत हिवाळा येऊ दिलेला नाही. शरद संपला की पुन्हा वसंत काढते. हारु सहावीतच. वाचक थट्टा करतात माझी. आता दिग्दर्शिका विचारतेय, शेवट काय आहे? तो शर्यतीत धावतो की नाही? पैसे घालणारे म्हणतात मुलगा गेला तर लोक रडतील, रडले तर चारजणांना सांगतील. ती म्हणते, त्यांचं सोडा, तुम्ही म्हणाल तसं करू."

"मग तू ठरव. तू काढतेस."

"मला ठरवता आलं असतं तर तुम्हाला फोन केला असता का?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. कात्र्यांना तेल घातलं.

१४ जुलै, रविवार

ओसाकाची आखूड केसांची मुलगी परत आली, या वेळी एकटीच. दारातूनच ओरडली, "काका, आज तरी आहे का घरात?" मी म्हटलं, "आत्ताच गेला की! तुला उताराला दिसला नाही?" ती म्हणाली, "हुकला वाटतं!" मोठी गोड पोरगी आहे.

तिला हात धुवायचे होते. मोरीकडे जायची वाट मधल्या खोलीतून आहे, ती दाखवली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ऊन फार होतं आज. साएकोने तिला बार्लीचा थंड चहा दिला, तो तिने उभ्यानेच घेतला. मला म्हणाली, "काका, मी... मला माफ करा." मी म्हटलं, कशाबद्दल? ती कमरेत वाकली ती बराच वेळ तशीच राहिली. मग गेली. फोटो काढलेच नाहीत.

मधल्या खोलीत तिच्या मिठाईचा रिकामा डबा अजून शुहेइच्या फोटोपुढे आहे. साएको तो टाकत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

पितरांचे दिवस. चिनात्सु आली. वाळलीय. चौतिसाव्या वर्षी अर्धे केस पांढरे. मी म्हटलं, बस, नीट करून देतो. म्हणाली, नको.

जेवणानंतर कलिंगड कापलं आणि तिने तोच विषय काढला. साएको फोडी वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "गेला असंच दाखव."

"आई..."

"तो गेला. तिथे तो जगला, मोठा झाला, तर तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा. आपला नाही. मग मी त्याचा आवाज भिंतीला कान लावून का ऐकायचा?"

चिनात्सुने फोड ताटलीत परत ठेवली. मीच म्हटलं, "पोरं एवढ्या लांबून येतात. विचारतात. त्यांना दारात उभं करून काय सांगायचं? यायची बंद होतील. धंदा बसेल."

"धंद्याचं राहू द्या हो," साएको म्हणाली.

चिनात्सु माझ्याकडे बघत होती. "बाबा, तुम्हाला धंद्याची काळजी कधीपासून?"

मी उठलो. म्हटलं, पुठ्ठा बाहेर राहिलाय, आत घेतो. दुकानात जाऊन पाहिलं तर तो आतच होता. मे महिन्यापासून तिथेच असतो.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

चिनात्सु गेली. उष्मा.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दुकान बंदचा दिवस. चित्रपटाचा ध्वनिमुद्रक आला होता, हातोरी नावाचा. शांत माणूस, टक्कल, म्हणजे माझ्या काही कामाचा नाही. असं म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, मालिकेत सगळे आवाज स्टुडिओतले होते, चित्रपटात खरे घालायचेत. कात्री, वस्तरा, चामड्याचा पट्टा, नळाचं पाणी, खांबाच्या मोटारीची घरघर, सगळं एकेक करून टिपलं. कात्रीला म्हणाला, केस असले की आवाज वेगळा येतो. त्याला केस नाहीत, मग किजिमाला बोलावून बसवलं. किजिमा एवढा वेळ गप्प बसलेला मी प्रथमच पाहिला.

शेवटी दार. दाराला वर एक घंटी आहे, सरकवलं की वाजते. हातोरी म्हणाला, "सकाळी घरातलं कुणी बाहेर जातंय असा आवाज हवा. दुकानात येणाऱ्याचा नको. सरकवण्यात फरक असतो." मी सरकवलं, त्याला पटलं नाही. तुम्ही रोज उघडता, तो धंद्याचा हात आहे, म्हणाला. मग त्याने साएकोला विचारलं.

हातोरी माइक घेऊन बाहेर उभा. साएकोने आतून दार सरकवलं. घंटी वाजली. तिने दार अर्धं लोटलं आणि म्हणाली, "ये जाऊन. सावकाश जा."

 तिलाच कळलं नाही तिने काय केलं. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अगबाई, बोलायचं नव्हतं ना? माफ करा. परत करू."

हातोरीने कानावरचे हेडफोन काढले. "नको," म्हणाला. "झालं."

ते गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. भाजलेला मासा होता. मी विचारलं, "त्या दिवशी जाताना तो काय म्हणाला होता?"

साएकोने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "आज विचारताय?"

"सोमवार होता. मी झोपलो होतो."

"हो. म्हणून हळू बोलत होता. बाबा झोपलेत ना." माझ्या कपात चहा ओतला. "म्हणाला, आई, शेवटून तिसरा आलो तरी चालेल का? मी म्हटलं, चालेल की. मग म्हणाला, दुसरा आलो तर? मी म्हटलं, शेवटचा आलास तरी डुकराच्या मांसाचं सूप करणार आहे, जा आता."

"मग?"

"मग गेला. घंटी हातात धरून दार सरकवलं त्याने. वाजू नये म्हणून. टाचा उंचावून धरावी लागायची त्याला."

मी मासा संपवला. भात पुन्हा घेतला. नंतर दुकानात गेलो आणि घंटी मुठीत धरून दार सरकवून पाहिलं. खरंच आवाज येत नाही. नुसती रुळाची सरसर. दोन-तीनदा करून पाहिलं. मी वर झोपलो होतो, मला कसं ऐकू येणार?

साएको आतून म्हणाली, "गार वारं येतंय. लावा ते."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चिनात्सुला फोन केला. नंबर मी स्वतः फिरवला, तेव्हा तिला वाटलं आईला काही झालं. मी घंटीचं सांगितलं. सूपचं सांगितलं. शेवटून तिसऱ्याचंही. तिलाही माहीत नव्हतं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, सकाळच्या पहिल्या बसने शाळेला गेलेली.

मग म्हटलं, "त्याला धावू दे."

 मी विचारलं, ऐकतेस ना? म्हणाली, "हो. बाबा, तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

"नाही. गिऱ्हाईक आलंय."

खरंच आलं होतं.

१७ मे, शनिवार

नवी डायरी. मधे काही लिहिण्यासारखं झालं नाही.

चित्रकथेचा शेवट छापून आलाय म्हणे. मी वाचला नाही. साएकोने वाचला, भिंग घेऊन, दोन दिवस लागले तिला. मला काही सांगितलं नाही.

येणारे लोक बदललेत. आता कुणी हारु कुठाय म्हणून विचारत नाही. दारात थांबतात, वाकतात, फुलं ठेवतात, जातात. एकजण नुसता खुर्चीत बसून राहिला, केस कापायचेत का म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली. मला हे आवडत नाही. शाळेत गेलाय म्हणायची एवढी सवय झाली होती की दार वाजलं की तोंड उघडतं, आणि मग मिटावं लागतं.

पुठ्ठ्याचे रंग विटले. किजिमा म्हणाला, "तोकुजी, हलवू का रे हा आता?" साएको दुकानातच होती. म्हणाली, "असू द्या. कुठे जाणार तो?"

१ डिसेंबर, सोमवार

चित्रपट लागलाय. चिनात्सुने पहिल्या दिवशी टोकियोला बोलावलं होतं, आम्ही गेलो नाही. आज बंदचा दिवस म्हणून गाडीने शहरात गेलो. सकाळचा खेळ. साएकोने घरातून डबा घेतला होता, आत खाऊ देत नाहीत म्हणून मांडीवर धरून बसली. पंधरावीस माणसं असतील, लांब लांब बसलेली.

बहुतेक सगळं ओळखीचं होतं. माझी कात्री ऐकू आली, ती मी लगेच ओळखली. केस किजिमाचे.

मग ती सकाळ आली. बाहेर बर्फ आहे. मुलगा आईशी कुजबुजत बोलतो. शेवटून तिसरा, शेवटून दुसरा, सूप. बूट घालतो. टाचा उंचावून घंटी मुठीत धरतो. मी पुढे सरकून बसलो होतो. यापुढे काय होतं ते मला साएकोने सांगितलं आहेच. दार सरकतं, तो जातो, बाप वर झोपलेला असतो.

पण जिना वाजला. तो बडबड्या बाप झोपेच्या कपड्यात खाली आला, केस विस्कटलेले, एक डोळा मिटलेला. मुलगा म्हणाला, "बाबा, झोपा ना! आज सुट्टी आहे तुमची." बाप म्हणाला, "थंडी आहे रे." मुलगा म्हणाला, "हो." बापाने त्याचा मफलर सोडला, पुन्हा बांधला, होता तसाच. मग दोघंही दारापर्यंत आले. त्या वेळी साएकोचा आवाज आला. आईचं बोलणाऱ्या नटीचा नाही, साएकोचा. ये जाऊन. सावकाश जा.

हे असं घडलं नव्हतं. चिनात्सुने मनाने काढलंय.

शर्यत त्यांनी दाखवलीच नाही. उतार, बर्फात पावलं, रिकामं दुकान. टेलिफोन वाजायला लागतो.

दिवे लागले. साएको उठली, कोट घातला, म्हणाली, "चला." मी उठायला गेलो तर उठता येईना. पाय सुन्न झाले होते, माझे नाहीतच असे. मी म्हटलं, जरा थांब. रांगेतली माणसं माझ्या गुडघ्यांना चुकवत बाहेर गेली. साएको परत बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा हात माझ्या बाहीवर होता, तो केव्हा ठेवला कळलं नाही.

झाडायला आलेली मुलगी जवळ येऊन अदबीने म्हणाली, "आजोबा, आता पुढचा खेळ आहे. तुमची तिकिटं..."

मला बोलता येत नव्हतं. तोंडही पायांसारखंच झालं होतं आणि चेहरा सगळा ओला होता.

साएको उठली. "बसा तुम्ही," म्हणाली, "मी काढून आणते." डबा माझ्या मांडीवर ठेवून ती गेली आणि दोन तिकिटं घेऊन आली. दिवे मालवले. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या वेळीही तो उठून खाली आला.